खाडाखोड

अगं, परवा फोनवर तू किती रडवेली झाली होतीस! चिनूने वजाबाकी चुकवली, वही दप्तराच्या तळाशी लपवली आणि तुझा हात उठला. वर मलाच म्हणालीस, “ताई, मी चांगली आई नाहीच.” जरा चहा टाक, बस आणि ऐक.

तुला एक सांगते, आईलाही कधी सांगितलं नाही. आमची मनू तिसरीत असताना वहीत खाडाखोड दिसली की मी सरळ पान टरकवायचे आणि पुन्हा लिहायला बसवायचे. अक्षर सुधारलं, लोक कौतुक करायचे. एकदा संध्याकाळी स्वयंपाकघरातून डोकावले, तर ती एकाच शब्दावर खोडरबर घासत बसलेली. कागद झिजून भोक पडलं होतं, त्यातून मागच्या पानावरची निळी रेघ दिसत होती, तरी तिचं घासणं चालूच. मला पाहिलं आणि तिने पटकन दोन्ही तळव्यांनी वही झाकली. आज ती कॉलेजात आहे, पण ते इवलेसे तळवे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

तुला ठाऊकच आहे, मी नाशिकला जेल रोडवर राहते. येता-जाता कारागृहाची भिंत दिसते. नाशिकच्या तुरुंगातच साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिलं. 9 फेब्रुवारी 1933 ला सुरुवात केली आणि 13 तारखेच्या पहाटे पुस्तक पुरं. लहानपणी आपण ते रडत रडत वाचलं. आई झाल्यावर पुन्हा वाचलं, तेव्हा जाणवलं की यातला श्याम काही गुणी बाळ नाही. तो घाबरतो, हट्ट करतो, लपून बसतो. आणि मोठेपणी तोच हे सगळं न लाजता चारचौघांत सांगतो.

पोहायला जायला नको म्हणून तो दडून बसतो तेव्हा आई त्याला शिंपटीने मारते. ते मार देणं मला आज पटत नाही. पण नंतर त्याचे वळ पाहून तीच कळवळते, जवळ घेते. आणि ती ‘अळणी भाजी’ आठवते ना? आई मीठ घालायला विसरते, वडील चेहऱ्यावर काही न दाखवता जेवतात. स्वतः घास घेतल्यावर तिला कळतं आणि चुटपुट लागते. त्या घरात आईचंही चुकतं, आणि तिला कोणी ताटावरून बोलत नाही. आपल्याकडे मात्र आमटीत मीठ कमी पडलं तर आपणच दहादा माफी मागतो आणि मुलाच्या हातून दूध सांडलं की घर डोक्यावर घेतो. मुलं दोन्ही बघत असतात.

आता चिनूच्या वहीचा तू पाठवलेला फोटो. 52 वजा 27, उत्तर लिहिलंय 35. नीट बघ. दोनातून सात जाईनात, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. मग पाचातून दोन. पोराने डोकं चालवलंय गं, हातचा घ्यायचं तेवढं कळलेलं नाही. दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या बांध, दोन सुट्या ठेव आणि म्हण, “यातल्या सत्तावीस दे.” जुडी सोडावी लागते हे त्याच्याच हाताला कळेल. पण त्याचं कुठे अडलंय ते कळलं कशावरून? त्या चुकलेल्या उत्तरावरून. त्याने ते खोडून टाकलं असतं, तर तुला काय सापडलं असतं?

म्हणून वही लपवली याचीच मला जास्त काळजी वाटते. वजाबाकी महिन्याभरात येईल. लपवायची सवय लागली, की पुढे वहीपेक्षा मोठ्या गोष्टी दप्तराच्या तळाशी जातात.

मनूला मी ‘माझं चुकलं’ म्हणाले, ते ती दहावीत गेल्यावर. ती हसून म्हणाली, “आई, मी अजून पेनने लिहायला घाबरते.” तू इतकी वर्षं थांबू नकोस. आज झोपताना चिनूला जवळ घे आणि सांग, “मी तुला मारलं, माझं चुकलं.” एवढंच. पुढे “पण तूही…” असं काही जोडू नकोस.