चिलटाच्या पंखानं शिकवलेल्या आठ गोष्टी

“मॅडम, हे औषध आम्ही लहान मुलांच्या दातात वापरतो. यानं पुढं कॅन्सर होतो का हो?”

अकरावी-बारावीला माझ्याकडे जीवशास्त्र शिकलेली मुलगी आता सोलापुरातच दातांचा दवाखाना चालवते. एका संध्याकाळी घरी येऊन तिनं छोटी तपकिरी बाटली टेबलावर ठेवली. फॉर्मोक्रेसॉल. किडलेल्या दुधाच्या दाताची वरची नस काढली की उरलेल्या नसेवर या औषधाचा पिळलेला बोळा काही मिनिटं ठेवतात. बकले यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या जुन्या मिश्रणात १९ टक्के फॉर्माल्डिहाइड आणि ३५ टक्के क्रेसॉल असतं. एका पेशंटच्या आईनं फोनवर काहीतरी वाचलं होतं आणि ती मुलाला खुर्चीवरून उठवून घेऊन गेली होती.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. चिलटांच्या बाटल्या आमच्या प्रयोगशाळेत कायम असायच्या. त्या प्रश्नानं मला झोप लागू दिली नाही. एमएस्सीच्या मुलांना घेऊन मी चिलटाच्या पंखावरची चाचणी बसवली. आमचं काम शिकण्यापुरतं होतं, एखाद्या औषधाचा निकाल लावण्याएवढं मोठं नव्हतं. पण प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसं ऐकावं, हे मी त्यातून शिकले. तेच इथं मांडते.

१. आधी माशी कोणती ते विचारा

फळमाशी म्हटलं की आमच्याकडच्या शेतकऱ्याला आंब्याला, पेरूला, दोडक्याला डंख मारणारी कीड आठवते. ती बॅक्ट्रोसेरा. प्रयोगशाळेतली ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर वेगळी. जेमतेम तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची, पिकलेल्या केळ्यावर किंवा फुटलेल्या डाळिंबावर घिरट्या घालणारी. घरात आपण तिला चिलट म्हणून हाकलतो.

हे चिलट २५ अंश तापमानात साधारण दहा दिवसांत अंड्यापासून माशी होतं. त्याच्या गुणसूत्रांच्या जोड्या फक्त चार. माणसाच्या आजारांशी नातं असलेल्या जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची भावंडं त्याच्यात सापडतात. क्ष-किरणांनी जनुकं बदलतात हे हर्मन मुलर यांनी १९२७ साली याच माशीवर दाखवलं. रसायनानंही तेच होतं, हे शार्लट आउरबाख यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडिंबरात मस्टर्ड वायू वापरून सिद्ध केलं, तेही याच माशीवर. चिलटाला क्षुल्लक समजू नका, हे मी प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगायचे.

२. जीव जगवता आला, तरच त्याला प्रश्न विचारा

रवा, गूळ, अगर, यीस्ट आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं प्रोपियॉनिक आम्ल. चिलटाचं हे खाणं आम्ही प्रयोगशाळेतच शिजवायचो, त्या गुळाचा वास कॉरिडॉरभर पसरायचा. अन्न सोपं, हवा अवघड. सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशी ओलांडतो आणि या माशीचे नर तिशीच्या आसपासच नापीक होऊ लागतात. म्हणून सगळ्या बाटल्या इन्क्युबेटरमध्ये.

एका एप्रिलमध्ये शनिवारी दुपारी वीज गेली. सोमवारी सकाळी दार उघडलं तर बहुतेक अळ्या मेलेल्या. उरलेल्या घेऊन पुढं जाऊ, असं मुलं म्हणाली. मी नाही म्हटलं. उष्णतेनं पोळलेल्या अळीत जे दिसेल ते औषधाचं की उन्हाचं, हे कुणी सांगायचं? तीन आठवड्यांचं काम टाकून दिलं. त्या निर्णयाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

३. एका पेशीला एक केस: सगळी चाचणी इथं उभी आहे

या चाचणीला ‘स्मार्ट’ म्हणतात. ग्राफ, वुर्गलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८४ साली मांडली. दोन जातींच्या माशांचा संकर करतात. एका जातीत ‘मल्टिपल विंग हेअर्स’ हे बिघडलेलं जनुक असतं, दुसरीत ‘फ्लेअर’. संकराच्या अळीत या दोन्हींची एकेक निरोगी जोडीदार प्रतही असते, त्यामुळे पंख नेहमीसारखा दिसायला हवा. तीन दिवसांच्या अळ्या औषध कालवलेल्या अन्नावर सोडायच्या. अळीच्या पोटात पंखाच्या पेशी तेव्हा वाढत, दुभंगत असतात. औषधानं एखाद्या पेशीची निरोगी प्रत हरवली, तर त्या पेशीची सगळी लेकरं पंखावर वेगळी उठून दिसतात.

माशी निघाली की तिचे पंख अल्कोहोलमधून काढून काचपट्टीवर पसरायचे आणि चारशेपट मोठे करून बघायचे. एका पंखावर सुमारे २४ हजार पेशी आणि प्रत्येक पेशीला एकच केस, सगळे एका दिशेला झुकलेले, वाऱ्यानं वाकलेल्या ज्वारीच्या शेतासारखे. मधेच एखाद्या ठिकाणी एका पेशीतून तीन-चार केसांचा झुबका वर येतो. किंवा केसाऐवजी ज्योतीसारखा फुगलेला आकार. दोन्ही ठिपके शेजारी शेजारी आले तर गुणसूत्रांची आपसात अदलाबदल झाली, असं समजायचं. पहिला जोडठिपका दिसला तेव्हा मी सगळ्या मुलांना एकेक करून भिंगाला डोळा लावायला लावला होता. डोळ्यांना न दिसणारी इजा अशी मोजता येते, हे एकदा बघितलेला विद्यार्थी आयुष्यभर विसरत नाही.

४. नुसतं पाणी पाजलेल्या माशीलाही ठिपके असतात

आमच्या एका मुलानं उत्साहात सांगितलं, “मॅडम, औषधाच्या पंखावर ठिपके सापडले!” मी विचारलं, “आणि पाण्याच्या?” त्यानं मोजलेच नव्हते. ठिपके आपोआपही पडतात, थोडे पण पडतात. म्हणून तीन गट लागतातच: नुसतं पाणी, नक्की बिघाड करणारं उरेथेनसारखं रसायन आणि आपलं औषध. उरेथेनच्या गटात ठिपके वाढले नाहीत तर चूक औषधात शोधू नका, प्रयोगात शोधा.

त्यानंतर मी सगळ्या काचपट्ट्यांवरची नावं झाकून नुसते आकडे चिकटवले. त्याच मुलानं पुन्हा मोजलं, आणि त्याचेच आकडे बदलले. तो खोटारडा नव्हता. माहीत असलेलं नाव डोळ्याला ओढतं, एवढंच. तेव्हापासून नाव झाकल्याशिवाय मोजायचं नाही, हा आमच्याकडे नियम झाला.

५. किती, कुठून आणि किती वेळ, हे विचारल्याशिवाय घाबरू नका

फॉर्माल्डिहाइड अन्नातून दिलं तर चिलटाची जनुकं बिघडतात, हे रशियन शास्त्रज्ञ रॅपोपोर्ट यांनी १९४६ साली सांगितलं. पुढं आउरबाख यांच्या कामातून दिसलं की हा परिणाम नर अळ्यांत दिसतो, माद्यांत नाही. पदार्थ तोच, माशी तीच, नर-मादीचा फरक पडला आणि उत्तर बदललं. मग चिलटावरून माणसावर उडी मारताना किती जपायला हवं!

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे ‘माणसाला कर्करोग करणारं’. त्यामागं मुख्य आधार होता कारखान्यांत वर्षानुवर्षं त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांचा आणि नाकामागच्या पोकळीच्या कर्करोगाचा. दुसरीकडे, आपल्या प्रत्येकाच्या रक्तात लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम फॉर्माल्डिहाइड नैसर्गिकपणे असतंच. अळी कोष होईपर्यंत तेच अन्न खात राहते. मुलाच्या दातात पिळलेला बोळा काही मिनिटं असतो. या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

पण माझ्या विद्यार्थिनीला मी एक गोष्ट आवर्जून सांगितली: तुझ्या पेशंटला हा वास वर्षात एकदा येतो, तुला आणि तुझ्या मदतनीस मुलीला रोज येतो. बाटलीचं झाकण लगेच लाव, खिडकी उघडी ठेव.

६. बाटलीतलं आणि दातातलं एकच नसतं

दातात भरायचं रेझिन निळ्या प्रकाशानं कडक होतं. पण त्यातले सगळे कण जोडले जात नाहीत, टीईजीडीएमए आणि हेमासारखे थोडे सुटे रेणू मागं राहतात आणि लाळेत उतरू शकतात. म्हणून कच्चं रेझिन अळीला देऊन उपयोग नाही. ते दवाखान्यात करतात तसंच कडक करून, पाण्यात भिजवून, त्या पाण्याची परीक्षा घ्यायला हवी.

औषधं एकमेकांत मिसळली तर गोष्ट आणखी बदलते. नस साफ करताना वापरायचं सोडियम हायपोक्लोराइट आणि क्लोरहेक्झिडिन एकत्र आलं की नारिंगी-तपकिरी साका पडतो. त्यात पॅरा-क्लोरोॲनिलीन हे घातक रसायन असतं की नाही, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. काळजी मात्र सोपी आहे: दोन्हींच्या मधे सलाइननं धुऊन घ्यायचं. चांगले दंतवैद्य ते करतातच.

७. जनुक बिघडणं म्हणजे कर्करोग नव्हे, पण त्याकडे कानाडोळाही नको

पंखावरचा ठिपका गाठ नसतो. गाठीच्या जवळ जायचं तर दुसरी चाचणी आहे. चिलटात ‘वॉर्ट्स’ नावाचं जनुक पेशींच्या वाढीला लगाम घालतं. त्याची एक प्रत आधीच बिघडलेली असताना दुसरीही हरवली की माशीच्या डोळ्यावर, पायावर, अंगावर चामखिळीसारखे फुगवटे येतात. माणसात त्याचं भावंड आहे, लॅट्स-१. ही चाचणी गाठ दाखवते, तरीही ती माशीतली गाठ असते. माणसाच्या कर्करोगाला अनेक बिघाड आणि अनेक वर्षं लागतात.

कर्करोग संशोधन संस्थेच्या ‘पहिल्या गटा’चा अर्थही नीट घ्या. पुरावा किती पक्का आहे हे तो सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. चिलटाची चाचणी हा इशारा आहे. इशारा मिळाला की उंदरावर, मग माणसांच्या नोंदींवर तपासायचं आणि तोवर चांगला पर्याय असेल तर तो वापरायचा. दुधाच्या दातांसाठी आज एमटीएसारखं सिमेंट आहे. ते महाग आहे, पण फॉर्माल्डिहाइडशिवाय काम करतं.

८. मोठा धोका कुठं आहे तिकडं बघा

माझी आत्या रोज सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, वाटायची आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. “दात घट्ट राहतात गं,” म्हणायची. त्या धुरानं आम्हा पोरांचे डोळे झोंबायचे. सोलापुरात विडी वळणाऱ्या कितीतरी बायका आजही ही मिशरी लावतात. भाजताना तंबाखूत बेंझोपायरीन तयार होतं, ते अर्धा-अर्धा तास हिरडीला चिकटून राहतं, दिवसातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षं. किती, कुठून, किती वेळ? पाचव्या मुद्द्यातल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथं वाईटच येतात.

ज्या २००४ साली फॉर्माल्डिहाइडवर शिक्का बसला, त्याच वर्षी त्याच संस्थेनं धूर न होणाऱ्या तंबाखूलाही माणसाला कर्करोग करणारी ठरवलं. आपल्या सरकारनं तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर १९९२ सालीच बंदी घातली. आणि हे कळायला आपल्याला लांब जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. तिथं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. माणसं दवाखान्यात यायची वाट न बघता कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं विचारू लागले. चिलटाच्या इशाऱ्यावर शेवटचा शब्द अशाच नोंदी बोलतात.

मुलाला खुर्चीवरून उठवून नेणाऱ्या त्या आईला मी काय सांगितलं, तेही लिहिते. मुलाचा किडलेला दात तसाच ठेवू नका. पू होईल, ताप येईल, खालच्या पक्क्या दाताला इजा होईल. डॉक्टरांना विचारा की फॉर्मोक्रेसॉलऐवजी दुसरं काही वापरता येईल का, आणि त्यांना उत्तर देऊ द्या. मग घरी जा, आणि घरात कुणाची मिशरीची डबी असेल तर ती आजच कचऱ्यात टाका. तोंडात दोन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर घरच्या वडीलधाऱ्यांना हाताला धरून दवाखान्यात न्या. माझ्या आत्याला आम्ही नेलं, पण फार उशिरा. तुम्ही उशीर करू नका.