वेगाने धावणाऱ्या हृदयाचा नकाशा

आपल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक संवाद वर्षातून अनेकदा घडतो. रुग्ण सांगतो, "डॉक्टर, मध्येच छाती धडधडू लागते. अर्धा तास चालते आणि सुरू झाली तशीच एकदम थांबते." ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत् आलेख, काढला जातो. तो निर्दोष येतो. रुग्ण ओशाळतो, नातेवाईक एकमेकांकडे पाहतात, आणि डॉक्टर "काळजी करू नका" असे म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळतात.

असे म्हणणाऱ्या डॉक्टरांत प्रस्तुत लेखकही होता. डोंगरापलीकडच्या गावातून एका अंगणवाडी सेविका येत असत. धडधड सुरू झाली की एस.टी. गाठायची, दीड तासाचा प्रवास करावयाचा, आणि येथे पोहोचेपर्यंत नाडी पूर्ववत् झालेली असावयाची, असे चार वर्षे चालले. गावातील काहींनी बाहेरची बाधा ठरविली. मी मनाची धास्ती ठरवून गोळ्या लिहून दिल्या. दोन्ही निदाने सारखीच चुकीची होती. एके दिवशी दुसऱ्याच कामासाठी आल्या असता त्यांना रांगेतच धडधड सुरू झाली. परिचारिकेने प्रसंगावधान राखून त्यांना तेथल्या तेथे बाकावर निजविले व ईसीजी काढला. हृदयाचे ठोके मिनिटाला १९० होते. तो हातभर कागद घेऊन त्या मुंबईस गेल्या. तेथे त्यांच्यावर जो उपचार झाला, त्याची माहिती या अहवालाच्या वाचकांस द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, माथ्याशी, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. विश्रांतीच्या वेळी तो मिनिटाला साधारणतः ६० ते १०० वेळा विद्युत्-संदेश निर्माण करतो. हा संदेश वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो, मधल्या गाठीपाशी सुमारे एक दशांश सेकंद थबकतो आणि मग खालच्या कप्प्यांत उतरतो. हे थबकणे हेतुपूर्वक आहे. वरच्या कप्प्यांतील रक्त खाली उतरण्यास तेवढी उसंत मिळते. एरवी वरच्या व खालच्या कप्प्यांमध्ये वीज न वाहणाऱ्या ऊतींचा पडदा असतो आणि संदेशाला त्यातून एकच दार असते.

काही माणसांत मात्र जन्मतःच या पडद्यात एखादी चोरवाट राहून जाते. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट या तीन डॉक्टरांनी १९३० मध्ये अशा रुग्णांच्या आलेखांचे वर्णन केले. आजही हा दोष त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आणखी काहींच्या मधल्या गाठीपाशीच एकीऐवजी दोन वाटा असतात, एक मंद व एक जलद. अशा हृदयात एखादा अवेळी ठोका पडला की संदेश एका वाटेने उतरतो, दुसरीने वर चढतो, आणि पुन्हा पहिलीने उतरतो. आपल्याकडील रहाटाला लावलेली पोहऱ्यांची माळ जशी फिरत राहते, तसा तो फिरत राहतो, आणि प्रत्येक फेऱ्यागणिक हृदय एक ठोका देते. माळ कोठे तरी तुटली की रहाट थांबतो. धडधड एकाएकी सुरू होते व एकाएकी थांबते, त्याचे कारण हे आहे. भीतीने वाढलेली नाडी हळूहळू चढते व हळूहळू उतरते. रुग्ण "एकदम" हा शब्द वापरतो तेव्हा तो निदानच सांगत असतो.

आता प्रश्न असा की, ही वाट नेमकी कोठे आहे? अंगावरून काढलेला ईसीजी घराबाहेर उभे राहून आतले बोलणे ऐकण्यासारखा आहे. सूर कळतो, पण बोलणारा कोणत्या खोलीत आहे ते अंदाजानेच सांगावे लागते. त्यासाठी आत जावे लागते. जांघेतील शिरेवाटे तीन-चार बारीक, लवचिक तारा, म्हणजे कॅथेटर, हृदयात सरकविल्या जातात. बहुधा तेवढीच जागा बधिर करून हे होते. रुग्ण जागा असतो व बोलू शकतो. प्रत्येक तारेच्या टोकाशी धातूची सूक्ष्म वलये असतात. ती जेथे टेकतात तेथून संदेश कोणत्या क्षणी गेला, याची नोंद सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत होते. मग डॉक्टर मोजून-मापून विजेचे हलके ठोके देऊन तीच धडधड मुद्दाम सुरू करतात. नातेवाइकांना हे ऐकून धास्ती वाटते. परंतु चोर चोरी करताना सापडला तरच त्याची वाट कळते.

या नोंदींपासून नकाशा कसा तयार होतो, हे कोकणातील वाचकास समजाविणे सोपे आहे. हवामान खाते मोसमी पावसाच्या आगमनाचा नकाशा प्रसिद्ध करते. ज्या ज्या ठिकाणी पाऊस सर्वसाधारणपणे एकाच तारखेस पोहोचतो, ती ठिकाणे एका रेषेने जोडलेली असतात. केरळात १ जून, मुंबईस ११ जून, आणि या दोहोंच्या मध्ये आपण. पाऊस कोठून येतो हे ज्याला ठाऊक नाही, त्यानेही या रेषांवरून तारखा मागे मागे नेल्या तर तो केरळच्या किनाऱ्याशी जाऊन पोहोचेल. हृदयाचा नकाशा असाच असतो. तारखांच्या जागी मिलिसेकंद असतात एवढेच. जेथे संदेश सर्वांत आधी उमटला, तेथे उगम किंवा चोरवाटेचे तोंड. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या यंत्रणेत रुग्णाच्या पाठीखालील सौम्य चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने तारेचे टोक कोठे आहे हे संगणकास कळते व पडद्यावर हृदयाची त्रिमित आकृती रंगांत उमटते. आधीची जागा तांबडी, नंतरची जांभळी.

या विद्येचा आरंभ एका मच्छीमारापासून झाला, ही गोष्ट मिरकरवाड्याच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस जवळची वाटावी. अमेरिकेत उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या एका तरुणास वरचेवर अशी धडधड होऊन भोवळ येत असे. १९६८ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. विल सीली यांनी त्याची छाती उघडली. धडकत्या हृदयाच्या पृष्ठभागावर जागोजागी विद्युत्-शलाका टेकवून संदेश प्रथम कोठे पोहोचतो ते शोधण्यात आले, आणि चोरवाट तेथे कापण्यात आली. तो बरा झाला. पुढे १९८० च्या दशकात हेच काम छाती न उघडता कॅथेटरने होऊ लागले. प्रथम विजेच्या जोरदार झटक्याने, नंतर रेडिओ लहरींच्या नियंत्रित उष्णतेने. या उपचारास अ‍ॅब्लेशन म्हणतात. भारतात तो रुजविणाऱ्यांत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम केलेले डॉ. यश लोखंडवाला यांचे नाव आदराने घेतले जाते.

आमच्या सेविकाबाईंच्या गाठीपाशी दोन वाटा निघाल्या. मंद वाट बंद करावयाची होती. परंतु तिच्यापासून काही मिलिमीटरवर हृदयाचे एकमेव नैसर्गिक दार असते. ते दुखावले तर कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. अनुभवी हातांत असे शंभरात एखाद्या रुग्णासही क्वचितच होते. तरी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी नातेवाइकांनी हे विचारून घ्यावे. टोकाशी चार मिलिमीटर धातू असलेल्या कॅथेटरने त्या जागेस उष्णता देण्यात आली आणि त्यानंतर पुष्कळ प्रयत्न करूनही धडधड सुरू होईना. या प्रकारात शंभरापैकी पंचाण्णवाहून अधिक रुग्ण बरे होतात. बाई दोन दिवसांनी कोकण रेल्वेने परतल्या.

सर्वच जलद गतींना हे यश लाभत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर राहिलेल्या व्रणाभोवती फिरणारी धडधड अधिक धोक्याची व नकाशा काढण्यास अधिक अवघड असते. वरच्या कप्प्यांच्या अनियमित कंपनाचा उगम पुष्कळदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी असतो, हे फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखविले. तेथील अ‍ॅब्लेशन कधी कधी पुन्हा करावे लागते. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्या रुग्णांत तर आधी झडपेचा उपचार व रक्त पातळ ठेवणारी औषधे यांचाच विचार करावा लागतो.

असे नकाशायंत्र आपल्याकडे का आणू नये, अशी विचारणा एका हितचिंतक देणगीदारांनी केली. त्यांच्या भावनेचा आदर राखून सांगावेसे वाटते की, त्याचा खर्च कोटींच्या घरात जातो, आणि ते चालविणारा हात रोज सराव करणारा लागतो. तो सराव मोठ्या शहरांतच मिळतो. आपल्या रुग्णांची अडचण निराळी आहे. त्यांची धडधड मुंबईत होत नाही. ती शेतात, होडीवर, रात्री स्वयंपाकघरात होते आणि कागदावर उमटण्यापूर्वी विरून जाते. त्या घटकेस ईसीजी काढणारे यंत्र जवळ हवे. ते काही हजार रुपयांत मिळते व शिकविलेली परिचारिका ते पाच मिनिटांत चालविते. देणगी या कामी यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

नातेवाइकांना विनंती अशी की, धडधड चालू असताना जो दवाखाना जवळ असेल तेथे जावे व प्रथम ईसीजी मागावा. तो कागद उष्णतेने उमटणारा असतो व काळाने पुसट होतो, म्हणून त्याची झेरॉक्स प्रत काढून ठेवावी. भोवळ येत असेल, छातीत दुखत असेल, किंवा ईसीजीत वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट दोष असल्याचे पूर्वी सांगितले गेले असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आरंभीच सांगावी. गती कमी करणारी काही नेहमीची औषधे अशा रुग्णास घातक ठरू शकतात. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ आपल्या प्रक्रियेस मिळेल का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे जाण्यापूर्वीच करावी.

आपल्या अपघात विभागात धडधडीच्या रुग्णाचा ईसीजी आता केसपेपर काढण्यापूर्वी घेतला जातो, रात्रीदेखील. सेविकाबाईंचा तो पहिला कागद त्यांच्या फाइलमध्ये जपून ठेवलेला आहे. त्याच्या आधी लावलेली चार वर्षांची औषधचिठ्ठी मीही काढून टाकलेली नाही.