शरदांतील कामें : बांधीची ओल आणि उतेरा

भाद्रपद सरून आश्विनाचें ऊन पडूं लागलें, म्हणजे पीक हातीं आलेंच असें समजून शेतकरी थोडा विसावतो. गोंदिया जिल्ह्यांतील धानपट्ट्यांत मात्र खरी कसोटी याच दिवसांत असते. चार-पांच एकरांच्या घरगुती शेतींत माणसें थोडीं आणि कामें एकदम येणारीं. सबब त्यांचा क्रम बांधींतील ओल पाहूनच लावावा.

पाणी केव्हां काढावें : पीक निसवल्यापासून दाणा भरेपर्यंत बांधींत ओलीची कमतरता पडूं देऊं नये. बोडीचें अथवा मामा तलावाचें शेवटचें पाणी याच वेळीं उपयोगी पडतें. पुढें कापणीच्या आठ-दहा दिवस आधीं धुरा फोडून पाणी काढावें. तें साचून राहिल्यास तुडतुड्यांस आश्रय मिळतो आणि कापलेलें पीक चिखलांत भिजतें.

उतेरा : ज्या भारी बांधींत लाखोरी किंवा जवस घ्यावयाचा असेल, तेथें हा नियम थोडा बदलतो. तेथें कापणीपूर्वी पंधरा-वीस दिवस उभ्या पिकांत बीं फेकतात. म्हणून पाणीही त्याच सुमारास काढावें लागतें. बीं ओल्या मातीस चिकटलें पाहिजे. साचल्या पाण्यांत तें कुजतें व भेगाळल्या जमिनींत उगवत नाहीं. चार दिवसांची चूकही येथें महाग पडते. लाखोरीचें बीं एकरीं सुमारें 30 किलो घ्यावें. रतन व प्रतीक या वाणांत पाय लुळे करणारें विषद्रव्य कमी असतें. तरीही लाखोरी हें महिनोन् महिने मुख्य अन्न करूं नये.

कापणी : लोंबींतील शेंकडा 80 ते 90 दाणे पिवळे झाले कीं विळा लावावा; उशीर केल्यास दाणा झडतो. पिकल्या बांधींत सायंकाळीं बुंध्याशीं लष्करी अळी आहे काय हें पाहावें; ती रात्रीं लोंब्या कुरतडून खालीं पाडते. बंगालच्या उपसागरांतील वादळाचा पाऊस दिवाळीच्या सुमारासही येतो. भिजलेल्या कडपांत दाण्यास कोंब फुटतात, व वर्षाची कमाई डोळ्यांदेखत जाते. म्हणून घरच्या माणसांनीं जेवढें वेळेवर उचलवेल तेवढेंच कापावें, आणि वाळतांच भारे बांधून उंच जागीं पुंजणें रचावें. कडपा लवकर उचलल्यानें खालच्या उतेऱ्याच्या रोपांसही उजेड मिळतो. भाऊबीजेनंतर गावोगांव मंडई भरतात व मजूर मिळणें कठीण होतें; तेव्हां बोलणी आधींच करून ठेवावी.

बियाणें : कापणीपूर्वीच चांगली बांधी निवडून तींतील भेसळीचीं झाडें उपटावीं, तिचें धान निराळें चुरावें व नीट वाळवून निराळेंच ठेवावें.

शेवटीं एक गोष्ट एकट्यादुकट्यानें होणारी नाहीं. धान निघालें कीं गुरें मोकळीं सोडण्याची चाल आहे. एका रात्रींत तीं उतेऱ्याची बांधी साफ करितात. बीं फेकण्यापूर्वीच शेजाऱ्यांनीं एकत्र बसून राखणीची पाळी ठरवावी. बांधी ज्याची त्याची असली, तरी राखण साऱ्यांची असल्याखेरीज दुसरें पीक घरीं येत नाहीं.