इंग्रजी शाळा आणि घरची मराठी

प्रश्न : मुलगा पुण्यात आंतरराष्ट्रीय शाळेत सातवीत आहे. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीतच देतो. मित्रांसमोर मला ‘मॉम’ म्हणतो. दोन भाषांनी गोंधळ नको म्हणून घरीही इंग्रजीच बोलावं का? – एक वाचक

उत्तर : दोन भाषांमुळे मुलांचा गोंधळ होतो, हा गैरसमज आहे. भाषांची सरमिसळ ही द्विभाषिकांची सहज रीत असते. खरा प्रश्न प्रतिष्ठेचा. अशा शाळांत कोण ‘आपल्यातला’ हे अनेकदा इंग्रजी उच्चारांवरून ठरते आणि मराठी उरते ती बसच्या काकांशी, डबा आणणाऱ्या मावशींशी बोलण्यापुरती. मुले ही उतरंड न शिकवताच टिपतात. या वयात ‘मॉम’ म्हणणे म्हणजे बहुधा टोळीत सामावण्याची धडपड. आईला नाकारणे नव्हे.

घरची मराठी सुरूच ठेवावी, मात्र उत्तरासाठी अडून बसू नये. क्रिकेट, विज्ञान, पैसा हे विषय मराठीतून निघाले, तर ती केवळ स्वयंपाकघराची भाषा राहत नाही. मित्रांदेखत टोकणे, चुकांना हसणे टाळावे. मूल अचानक अबोल झाले किंवा दोन्ही भाषांत अडखळू लागले, तर समुपदेशकाला भेटावे. राज्यात 2020च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. शाळेत ती कशी शिकवली जाते, हे पालकसभेत जरूर विचारावे.