त्या रेघा नव्हत्या

दिवाळीत सगळे जमले होते. भाच्याने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आत्याचं वय 82, खुर्ची ओढून ती अगदी पडद्यापुढे बसली. पोफरणच्या घराचा फोटो आला. ओटा, ओट्यावर आजी, तिच्या मांडीवर मी. सगळं लख्ख, रंगीत. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आपल्या वलांड्या कुठं गेल्या?"

घरामागे वलांड्यांवर बोंबील वाळत असायचे. मूळ फोटोत ते दिसत होते. टीव्हीवर त्या जागी नुसतं निळं आकाश होतं.

दुसऱ्या दिवशी बोईसरला, जुने फोटो स्कॅनिंगला दिले होते त्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने कानातली एक गोळी तेवढी काढली. "काका, मागे रेघा रेघा होत्या ना, स्क्रॅच. एआयने साफ केल्या. एचडी झालाय बघा!"

"ते बोंबील होते," मी म्हटलं.

तो हसला. मला अजून ते हसू आठवतं.

साफ करण्याआधीचा स्कॅन मागितला, तर "तो ठेवत नाही, जागा खातो." मूळ फोटो मागितला. 137 दिले होते, 131 परत आले. हा नेमका त्या हरवलेल्या सहांत. निगेटिव्हं? "ती आता काय कामाची?" म्हणजे टाकली. बाबांचा आग्फा क्लिक-थ्री कॅमेरा, एका रोलवर 12 चौकोनी फोटो. सहा सेंटिमीटरच्या त्या निगेटिव्हवर एकेक बोंबील मोजता आला असता.

परत जाऊन दुसरा फोटो काढावा म्हटलं, तर पोफरण आहे कुठे? तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टीबरोबर आमचं गावही उठलं. दुसरीकडे वसलेल्या गावाला तेच नाव आहे, पण तो ओटा नाही.

घरचे म्हणतात, तुम्ही घाई केलीत. घाई कसली? दोन महिने चकरा मारल्या. मोजून दिले होते, वहीत आकडा आहे. पावतीवर मात्र 'जुने फोटो स्कॅनिंग' एवढंच लिहून घेतलं. ती चूक माझी. बाकीची नाही.

तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून सांगतो.

फोटो देताना पावतीवर फोटो किती आणि निगेटिव्हं किती ते लिहून घ्या. त्याआधी प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने कडेला नंबर टाका. बॉलपेन नको, ते पुढच्या बाजूला उमटतं. आणि दुकानात जाण्याआधी घरीच मोबाइलने प्रत्येकाचा एक फोटो काढून ठेवा. मी एवढं केलं असतं तर आज वलांड्या निदान पुसट तरी दिसल्या असत्या.

पाठीमागची बाजूही स्कॅन करून घ्या. बाबांनी कुणाकुणाची नावं मागे लिहिली होती. दुकानदाराने 'फ्री' म्हणून लॅमिनेशन करून दिलं, तेही पाठीला रंगीत कागद लावून! लॅमिनेशन फोटोला मारक. उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक सोडवायला गेलात तर फोटोच सोलवटतो. फुकट दिलं तरी घेऊ नका.

पोस्टकार्डाएवढ्या फोटोला किमान 600 डीपीआय, पासपोर्टएवढ्याला 1200. फाइल टिफ मागा. जेपीईजी बदलून पुन्हापुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खालावते. आधी जसाच्या तसा स्कॅन, डाग, चिरा, बुरशी सगळ्यासकट. तो हातात पडला की मगच रंग भरणं वगैरे हौस, तीही वेगळ्या फाइलवर. आपल्या फोटोतली घाण कुठली आणि बोंबील कुठले, हे दुकानातल्या पोराला कसं कळणार? मशीनला तर नाहीच.

फ्रेममध्ये काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. आपल्या खाऱ्या दमट हवेत हे हमखास होतं. काचेसकट स्कॅन करा. निगेटिव्हांना व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला, तर फिल्म कुजतेय असं समजा. ती बाकीच्यांपासून वेगळी काढा आणि तिचं स्कॅनिंग आधी उरका. पावसाळ्यात अल्बम बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला म्हणजे जपला असं नाही, तिथे तो आक्रसतो. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी आता पालघरला बहिणीकडे असते. बाकी बॅकअप घ्या, वेळेवर घ्या, हे सगळेच सांगतात.

घरात म्हातारं माणूस असेल तर फोटो पुढ्यात ठेवून आधी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. त्या एका फोटोबद्दल आत्या वीस मिनिटं बोलली. वलांड्या किती, कुणाच्या, कुठली वादळात पडली होती, सगळं.

तो लख्ख फोटो मी पुसून टाकलेला नाही. फाइलचं नाव तेवढं बदललंय: 'पोफरणचं घर, वलांड्या दुकानदाराने पुसल्या'. पुढे नातवंडांनी उघडला, तर निदान खोटं तरी बघायला नको.