मॉन्टसेरॅट : एक शांत बेट आणि त्याचा ज्वालामुखी

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला लहानमोठ्या बेटांची कमानीसारखी माळ पसरलेली आहे. या माळेत, अँटिग्वा बेटाच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किलोमीटरांवर, मॉन्टसेरॅट हे बेट आहे. त्याची लांबी सुमारे १६ व रुंदी ११ किलोमीटर. डोंगराळ, हिरवेगार आणि काळ्या वाळूच्या किनाऱ्यांचे हे बेट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्या निवांतपणासाठीच ओळखले जाई.

पश्चिम किनाऱ्यावरील प्लिमथ ही त्याची राजधानी. आपले कोल्हापूर शहर जवळजवळ त्याच अक्षवृत्तावर आहे, परंतु दोन्हींच्या हवामानांत फार अंतर आहे. कोल्हापूरच्या पाठीशी विस्तीर्ण भूखंड असल्यामुळे तेथे कडक उन्हाळा होतो व त्यामागून मोसमी पाऊस येतो. मॉन्टसेरॅटच्या चोहोंकडे समुद्र असून पूर्वेकडून व्यापारी वारे जवळजवळ बारमाही वाहतात. त्यामुळे दुपारचे तापमान वर्षभर ३० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. वाऱ्यासमोरील पूर्व किनाऱ्यावर लाटा आदळत असतात, तर डोंगरांच्या आडोशाचा पश्चिम किनारा शांत असतो. गलबतांना नांगर टाकण्यास हाच किनारा सोयीचा. म्हणून शहर तेथे वसले. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ होय. सप्टेंबर १९८९ मधील ‘ह्यूगो’ वादळाने बेटावरील बहुतेक सर्व घरांची हानी केली होती.

डोंगरावरून समुद्राकडे उतरणाऱ्या खोल घळींना तेथील लोक ‘गट’ म्हणतात. गंमत अशी की, इंग्रज लोक पूर्वी आपला ‘घाट’ हा शब्द ज्या अक्षरांनी लिहीत, त्याच अक्षरांनी हा ‘गट’ तेथे लिहिला जातो. रनअवे गट नावाच्या घळीतील झऱ्याचे पाणी जो पितो तो पुन्हा बेटावर परत येतो, अशी समजूत आहे.

१४९३ साली कोलंबस येथून गेला व स्पेनमधील एका मठाच्या नावावरून त्याने बेटाला हे नाव दिले. १६३२ पासून इंग्रजांच्या अमलाखाली येथे वसाहत झाली. तीत आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा होता. उसाचे मळे मात्र आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे राहिले. १७ मार्च १७६८ रोजी, सेंट पॅट्रिकच्या सणात मालक मद्यपानात दंग असताना, उठाव करण्याचा बेत या गुलामांनी केला होता. तो फुटला व त्यांच्या पुढाऱ्यांना फाशी देण्यात आले. आज तो दिवस बेटावर सुट्टीचा असतो व त्या उठावाचेही स्मरण केले जाते.

बेटाच्या दक्षिणेस सूफ्रिएर हिल्स हा पर्वत आहे. अटलांटिकचा तळ ज्या भूपट्टावर आहे तो भूपट्ट वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर या गतीने कॅरिबियन भूपट्टाखाली सरकतो. त्याबरोबर खोल गेलेले पाणी वरच्या तप्त खडकात शिरते व खडकाचा वितळणबिंदू उतरवते. अशा रीतीने शिलारस तयार होतो. दख्खनच्या पठारावरील लाव्हा पातळ होता, म्हणून तो दूरवर पसरला. येथील अँडेसाइटी लाव्हा इतका घट्ट असतो की, तो वाहत नाही. मुखावरच त्याचा घुमट वाढत जातो. घुमट ढासळला की तप्त राख, वायू व दगड यांचा लोट घळीतून खाली झेपावतो. त्याचे तापमान कित्येक शे अंश सेल्सिअस आणि वेग ताशी १०० किलोमीटरांहूनही अधिक असू शकतो. माणसाने पळून त्यातून सुटणे अशक्यच.

१८९७, १९३३ व १९६६ या सालांपासून प्रत्येकी काही काळ येथे भूकंपांचे सत्र चालले होते; उद्रेक मात्र झाला नाही. प्लिमथला या पर्वतापासून धोका आहे, हे वॅज व आयझॅक्स या संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात नकाशांसह दाखवून दिले होते. त्या इशाऱ्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही. १८ जुलै १९९५ रोजी पर्वत जागा झाला. शहर दोनदा रिकामे करून लोक पुन्हा परतले. एप्रिल १९९६ मध्ये ते कायमचे सोडावे लागले. ज्या वाऱ्याच्या आडोशाने बंदराला निवारा दिला होता, तोच वारा आता राख पश्चिमेकडे प्लिमथवर आणून टाकीत होता.

१९९७ मध्ये उतारमापकांवर एक विलक्षण गोष्ट आढळली. काही तासांच्या आवर्तनाने पर्वत फुगत होता व ओसरत होता. जणू त्याचा श्वासोच्छ्वासच चालला होता. फुगवटा ओसरू लागण्याच्या सुमारास लोट उतरत. २५ जून १९९७ रोजी असाच मोठा लोट उत्तर व ईशान्य बाजूंनी उतरला आणि निषिद्ध क्षेत्रात असलेली १९ माणसे दगावली. त्यांच्यापैकी काहीजण आपली शेते सांभाळण्यासाठी तेथे गेले होते. निवाऱ्यांत दिवस काढणाऱ्यांना उभे पीक सोडवत नव्हते, हे समजण्यासारखे आहे. ऑगस्टमध्ये लोट प्लिमथमध्ये शिरले व शहराचा मोठा भाग जळाला.

१९९५ पूर्वी बेटावर सुमारे ११,००० लोक राहत. आज ही संख्या ५,००० हूनही कमी आहे. ही वस्ती उत्तरेकडे आहे. मधल्या सेंटर हिल्स डोंगरांच्या दाट अरण्यात, जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा मॉन्टसेरॅट ओरिओल हा पक्षी टिकून आहे. दक्षिणेचा निषिद्ध भाग अर्ध्या बेटाहून मोठा आहे. घुमटाचा शेवटचा मोठा ढासळा ११ फेब्रुवारी २०१० रोजी झाला. तरी वेधशाळेतील शास्त्रज्ञ भूकंप, जमिनीची हालचाल आणि गंधकयुक्त वायू यांची मोजणी अखंड करीत असतात. कायद्याने राजधानी अजून प्लिमथच आहे. पर्वताने आणून टाकलेली वाळू तेथे खणली जाते व जुन्या धक्क्यावरून गलबतांत भरून शेजारच्या बेटांवर बांधकामासाठी धाडली जाते.