थंडी आणि जुना ट्रॅक्टर

कॅनडा देशात सस्कॅचवान नावाचा प्रांत आहे. त्याच्या दक्षिण भागात नजर पोहोचेल तेथवर सपाट जमीन पसरलेली असून उन्हाळ्यात तिच्यावर गव्हाची शेते डोलत असतात. नोव्हेंबर महिना लागला की हे सारे रूप पालटते. शेते, वाटा, कुंपणे बर्फाखाली दिसेनाशी होतात. जानेवारीतील कित्येक रात्री उष्णतामान शून्याखाली ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. कधी कधी ते शून्याखाली ४० अंशांवरही जाते.

अशा दिवसांत नांगरणी-पेरणी थांबते. परंतु गुरांची भूक थांबत नाही आणि घरातील चूलही विझू देता येत नाही. गुरांसाठी धान्य भरडावे लागते, चुलीसाठी लाकडे कापावी लागतात. पूर्वी ही कामे करण्यासाठी शेतकरी ट्रॅक्टरला पट्टा जोडून त्याच्या बळावर चक्की आणि करवत चालवीत. त्यामुळे हिवाळ्याच्या ऐन कडाक्यात ट्रॅक्टर सुरू होणे ही मोठ्या निकडीची गोष्ट असे.

त्या काळातील एक प्रसिद्ध ट्रॅक्टर म्हणजे ‘फोर्डसन’. अमेरिकेतील कारखानदार हेन्री फोर्ड यांनी १९१७ साली तो मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास प्रारंभ केला. १९१८ पासून तो कॅनडातील शेतांवरही दिसू लागला. १९२८ पर्यंत अमेरिकेत असे सात लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. फोर्डसन स्वस्त होता, कामाला चांगला होता. पण थंडीत सुरू होण्याच्या बाबतीत मोठा हट्टी होता. त्याच्या पुढील बाजूस लोखंडी हँडल लावून ते हाताने फिरवावे लागे. थंडीच्या सकाळी धडधाकट माणूसही हे हँडल मारता मारता घामाघूम होई आणि इंजिन मात्र ढिम्म राही.

याचे पहिले कारण वंगणाचे तेल. हिवाळ्यात बाटलीतील खोबरेल तेल थिजते, हे सर्वांनी पाहिलेले असते. इंजिनातील तेल त्याच्याइतके लवकर थिजत नाही. पण कडक थंडीत तेही काकवीसारखे दाट होते. मग इंजिनातील दट्ट्ये जागचे हलता हलत नाहीत. फोर्डसनच्या क्लचमधील चकत्याही तेलातच बुडालेल्या असत. तेल दाट झाले की त्या एकमेकींना चिकटून बसत. अशा वेळी नुसते इंजिन फिरवावे म्हटले, तरी त्याच्याबरोबर मागील यंत्रणाही फिरवावी लागे. यावर शेतकऱ्यांनी एक युक्ती काढली होती. ते मागचे एक चाक जॅक लावून जमिनीपासून वर उचलीत. चाक मोकळे फिरू लागले, म्हणजे हँडल मारणे थोडे सुकर होई.

दुसरे कारण इंधनाचे. इंधनाची वाफ होऊन ती हवेत मिसळली, तरच ठिणगी पडताच ती पेट घेते. फोर्डसन एरवी रॉकेलवर चाले. परंतु गार इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही. म्हणून आधी थोडे पेट्रोल वापरून इंजिन सुरू करीत आणि ते तापले, म्हणजे रॉकेल सोडीत. पुढे ज्या ट्रॅक्टरांना बॅटरी आली, त्यांच्यात आणखी एक अडचण निर्माण झाली. थंडीने बॅटरीची शक्ती निम्म्याहूनही कमी होते. आणि नेमक्या त्याच वेळी इंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते!

परंतु इंजिन सुरू न होणे ही झाली अडचण. खरे संकट याहून मोठे आहे व ते पाण्यामुळे येते. चालू इंजिन फार तापू नये, म्हणून त्याच्याभोवतीच्या पोकळीत आणि रेडिएटरमध्ये पाणी भरलेले असते. बहुतेक पदार्थ गार झाले की आकसतात. पाणी मात्र गोठताना फुगते. शंभर घडे पाण्याचा बर्फ झाला, तर तो सुमारे एकशे नऊ घड्यांची जागा व्यापतो. बंद पोकळीतील बर्फाला फुगण्यास जागा मिळाली नाही, तर तो पोलादासारख्या बळाने चहूकडे रेटा देतो. या रेट्यापुढे बिडाचे इंजिनही टिकत नाही. त्याला तडा जातो. एका रात्रीच्या विसरभोळेपणामुळे शेतकऱ्याचे शेकडो डॉलरच्या मोलाचे यंत्र निकामी होऊ शके आणि ऐन हिवाळ्यात त्याची गुरे दाण्यावाचून खोळंबत.

म्हणून तेथील जाणता शेतकरी सकाळच्या कामाची तयारी आदल्या संध्याकाळीच करी. काम संपत आले की तो रॉकेल बंद करून इंजिन काही वेळ पेट्रोलवर चालवी. त्यामुळे नळीत व कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच उरे व ते सकाळी उपयोगी पडे. मग तो ट्रॅक्टर फळ्यांवर आणून उभा करी. कारण ओल्या जमिनीवर उभी केलेली चाके रात्रीत गोठून जमिनीला जखडून जातात. इंजिन बंद केल्यावर तो खालच्या तोट्या उघडून सर्व पाणी सोडून देई. तोटीत गाळ अडकला, तर पाण्याची धार मध्येच थांबते आणि पाणी संपले असे वाटते. म्हणून तो तारेने तोटी साफ करून पुन्हा पाही. इंजिन गरम आहे तोवरच तो वंगणाचे तेलही काढून घेई व ते भांडे घरात चुलीजवळ नेऊन ठेवी. शेवटी ट्रॅक्टरवर जाड कापड घालून तो घरी परते.

सकाळी उठल्यावर तो चुलीवर पाण्याची भांडी चढवी. कोमट झालेले तेल इंजिनात ओतले जाई. नंतर तोट्या बंद करून गरम पाणी बेताबेताने भरले जाई; कारण थंडगार बिडावर उकळते पाणी एकदम ओतले, तर त्यानेही तडा जाण्याचे भय असते. आता हँडल मारायचे. यातही एक नियम पाळावा लागे. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा व हँडल खालून वर ओढायचे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर हँडल हातातून निसटून जाते. अंगठ्याची मिठी घातलेली असेल, तर अंगठा किंवा मनगट मोडते.

इंजिन सुरू झाले, तरी शेतकरी लगेच कामाला जुंपत नसे. तेल सगळीकडे पोहोचेपर्यंत तो ते मंद गतीने चालू देई. वारा लागून पाणी पुन्हा गोठू नये, म्हणून रेडिएटरवर कापडाचा पडदा सोडी. आणि शेडची दारे तो सताड उघडी ठेवी. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. बंद जागेत तो साठला, तर माणसाला कळण्यापूर्वीच त्याचा घात होतो.

पुढे विज्ञानाने हे कष्ट हलके केले. ग्लायकॉल नावाचे द्रव्य पाण्यात निम्मे मिसळले, तर ते मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. मात्र हे गोडसर द्रव्य विषारी आहे. सांडलेले ग्लायकॉल चाटून कुत्री-मांजरी दगावतात. १९४९ साली अमेरिकेतील अँड्र्यू फ्रीमन यांना इंजिनात बसविण्याच्या विजेच्या हीटरचे पेटंट मिळाले. शेतावर वीज आली, तेव्हा असा हीटर रात्रभर लावून इंजिन उबदार ठेवता येऊ लागले. भारतातही लडाखसारख्या प्रदेशात डिझेलच्या वाहनांना थंडीचा असाच त्रास होतो. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो व तो गोठून इंधनाची वाट बंद करतो. शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल २०१९ साली लडाखसाठी उपलब्ध करण्यात आले.

साधने बदलली, तरी थंडीचा स्वभाव बदललेला नाही. ती रात्री गुपचूप येते आणि सोडून न दिलेले पाणी, न झाकलेले इंजिन, न तपासलेली तोटी नेमकी शोधून काढते. थकून भागून घरी जाताना पुन्हा एकदा वाकून तोटी पाहणे कंटाळवाणे खरे. पण त्या पाच मिनिटांवरच उद्याची चक्की, गुरांचा दाणा आणि घरची ऊब अवलंबून असते. जुने शेतकरी म्हणूनच संध्याकाळच्या या कामाला सकाळच्या कामाइतकाच मान देत.

अभ्यास

१. फोर्डसन ट्रॅक्टर थंडीत लवकर सुरू का होत नसे?
२. इंजिनात राहिलेले पाणी गोठल्यास इंजिनाला तडा का जातो?
३. शेतकरी संध्याकाळी कोणकोणती कामे करी? प्रत्येक कामाचे कारण सांगा.
४. हँडल मारताना अंगठ्याची काळजी का घ्यावी लागे?
५. आदल्या दिवशी केलेल्या तयारीमुळे दुसऱ्या दिवशीचे काम सोपे झाल्याचा एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.